नवस, इच्छा आणि ‘देव पावला’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवचन संपलं की मंडपात तत्त्वज्ञानाचे प्रश्न फारसे येत नाहीत. चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी बाजूला येतं आणि हळूच विचारतं, “महाराज, एक नवस राहिलाय, काही होणार तर नाही ना?” इच्छा आणि तिची पूर्ती या विषयावर आपल्याकडे लोकांच्या मनात खरं काय चाललेलं असतं, ते या एका प्रश्नात सगळं येतं. म्हणून इथे नवसाच्या वाटेनं जाऊ या.

नवस, व्रत आणि संकल्प यांत फरक काय?

नवसाला अट असते: अमुक झालं तर तमुक करीन. व्रत आधी करायचं असतं, फळ मिळो न मिळो. सोळा सोमवार धरले की ते पुरे करून उद्यापन करायचं. संकल्प म्हणजे कुठल्याही पूजेआधी हातात पाणी-अक्षता घेऊन ‘मी कोण, कुठे, कधी आणि कशासाठी हे करतोय’ हे मोठ्यानं सांगणं. नवसाला गोव्यात ‘आंगवण’ म्हणतात, आणि कोकणात तो बऱ्याचदा गाऱ्हाण्यातून बोलला जातो.

तो मनातल्या मनात बोलला तर चालत नाही का?

चालतो. पण गाऱ्हाणं एकदा नीट ऐका. देवापुढे नारळ आणि विडा ठेवलेला असतो, समोर मानकरी आणि चार गावकरी उभे. गाऱ्हाणं घालणारा “बा देवा म्हाराजा” अशी सुरुवात करतो. घराण्याचं नाव, अडचण, मागणं, सगळं एका दमात सांगत जातो आणि प्रत्येक तुकड्याला मागचे लोक “व्हय म्हाराजा” म्हणून साथ देतात. ज्याचं मागणं आहे तो हात जोडून खाली मान घालून उभा असतो. आपली गरज चार माणसांसमोर उघडी करायला अहंकार बराच गिळावा लागतो. शिवाय गावासमोर जे मागता येत नाही ते बहुधा मागण्याजोगं नसतं. शेजाऱ्याचं वाटोळं होऊ दे असं मनात पुटपुटता येतं, चारचौघांत त्याला “व्हय म्हाराजा” मिळवणं अवघड जातं. (मिळतंही कधीकधी. गावं काही साधुसंतांनी भरलेली नसतात.)

देवाकडे काही मागणं ही हलक्या दर्जाची भक्ती आहे का?

शिकल्यासवरल्या घरांत हा समज फार आहे. ‘आम्ही देवाकडे काही मागत नाही’ हे जरा ताठ मानेनं सांगितलं जातं. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्त चार प्रकारचे सांगितले आहेत : संकटात सापडलेला आर्त, जाणून घेऊ पाहणारा जिज्ञासू, काहीतरी मिळवू पाहणारा अर्थार्थी आणि ज्ञानी. यांतला ज्ञानी श्रेष्ठ, तो तर माझा आत्माच, असं भगवंत म्हणतात. पण त्याच श्लोकात आधी ‘उदाराः सर्व एवैते’ असं येतं, म्हणजे हे चौघेही थोरच. पोराच्या तापासाठी मारुतीला तेल घालणारी बाई भक्तांच्या यादीत आहेच. मागणं नसल्याचा ताठा मिरवणारा मात्र या चारांपैकी कुठे बसतो ते मला अजून सापडलेलं नाही.

पण गीताच तर म्हणते की काम (म्हणजे इच्छा, वासना) हा शत्रू आहे?

म्हणते. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, मनात नसतानाही माणूस पाप का करतो? उत्तर येतं, हा काम, हा क्रोध. तो खादाड आहे, त्याला वैरी समज. मात्र सातव्या अध्यायात तेच भगवंत सांगतात की प्राणिमात्रांत धर्माला विरोध न करणारा काम तो मीच आहे. दोन्ही वचनं एकत्र वाचली तरच अर्थ लागतो. इच्छा समूळ उपटून टाका असा सरसकट हुकूम इथे नाही. चार पुरुषार्थांत काम आहे, अर्थ आहे, आणि त्यांच्या आधी धर्म ठेवलेला आहे. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात तर सृष्टीच्या आरंभी सर्वांत आधी ‘काम’ उठला, तेच मनाचं पहिलं बीज, असं म्हटलं आहे.

बृहदारण्यक उपनिषदातलं एक वाक्य मला यात सर्वांत उपयोगी वाटतं. माणूस इच्छेचाच बनलेला आहे. जशी त्याची इच्छा तसा त्याचा निश्चय, जसा निश्चय तसं कर्म, आणि जसं कर्म तसा तो होतो. म्हणजे इच्छा पुरी होवो न होवो, ती बाळगणाऱ्याला घडवायचं काम तिनं सुरूही केलेलं असतं. नवस बोलण्याआधी ‘हे मिळेल का’ याच्या बरोबरीनं ‘हे मागत राहिलो तर मी कोण होईन’ हेही विचारावं, ते यासाठी.

पसायदानात ‘जो जें वांछील तो तें लाहो’ आहे. मग चोरानं चोरी वांछिली तर?

हा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात आणि मोठी माणसं त्यांना गप्प करतात. गप्प करू नये, कारण प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर पसायदानातच आहे.

ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० ला पुरी झाली. अठराव्या अध्यायाच्या शेवटी या नऊ ओव्या येतात. आपण त्या इतक्या वेळा म्हणतो की त्यांच्या क्रमाकडे लक्षच जात नाही. पहिल्या ओवीत देवानं प्रसन्न व्हावं अशी विनवणी. दुसरीत लगेच ‘जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो’. दुष्टांचा नाश होवो असं म्हटलेलं नाही, त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावो आणि त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो, एवढंच मागितलं आहे. मग सगळ्या जीवांचं एकमेकांशी मैत्र. तिसऱ्या ओवीत पापाचा अंधार जावो, विश्वाला स्वधर्माचा सूर्य दिसो. एवढं सगळं झाल्यावर तिसऱ्या ओवीच्या उत्तरार्धात ‘जो जें वांछील तो तें लाहो । प्राणिजात’ येतं.

ज्ञानदेवांनी आधी इच्छा करणाऱ्याला सरळ केलं आणि मग त्याच्या हाती कोरा कागद दिला. ज्याच्या मनाचा वाकडेपणा गेला, ज्याला इतरांशी मैत्र वाटू लागलं, तो जे मागेल ते द्यायला देवाला अडचण कसली? चोर तिथे पोचेपर्यंत चोर राहिलेला नसतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी सगळ्यांना हवं ते मिळो आणि मग ते सुधारोत, तर काय होतं ते आपण रोज पेपरात वाचतो.

आणखी एक. सातव्या ओवीत ‘सर्वसुखीं पूर्ण होऊनि’ आदिपुरुषाला अखंड भजावं असं आहे. सगळं मिळाल्यावरही भजन उरतंच. काम झाल्यावर देवाचा फोन न उचलणाऱ्यांनी ही ओवी जरा सावकाश म्हणावी.

तुकोबांनी नवसाची थट्टा केली आहे ना?

केली आहे. ‘नवसें कन्यापुत्र होती । तरी कां करणें लागे पती’ ही ओळ सगळ्यांना पाठ असते. प्रयत्न न करता फळ मागणाऱ्याला आणि देवाला दुकानदार समजणाऱ्याला ती लागते, लागायलाच हवी. पण ‘हेचि दान देगा देवा । तुझा विसर न व्हावा’ हेही तुकोबांचंच. तेही मागणंच आहे, आणि केवढं हट्टाचं! संपत्ती नको, मुक्तीसुद्धा नको, संतांचा सहवास दे. वारकरी परंपरेचा रोख या बाजूला आहे. विठोबाला भेटायला जायचं ते भेटीसाठी. वारीत पोराच्या नोकरीची चिंता घेऊन चालणारेही असतात, त्यांना दिंडीतून कुणी बाहेर काढत नाही. पण वारी ही नवसाची फेड नव्हे, एवढं जुना वारकरी तुम्हाला ऐकवल्याशिवाय राहणार नाही.

काही देव ‘नवसाला पावणारे’ आणि बाकीचे नाहीत, असं कसं?

शास्त्रात याला आधार शोधू नका. ही लोकांची श्रद्धा असते आणि तिच्यामागे बहुतेक वेळा एखादी गोष्ट असते. लालबागचंच घ्या. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद पडला. तिथले कोळी आणि व्यापारी उघड्यावर आले. कायमची जागा मिळू दे असा त्यांनी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. आज नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणारे आपापलं मागणं घेऊन येतात. सुरुवातीचा नवस मात्र सगळ्या बाजाराचा मिळून होता. त्यात कुणी एकट्यासाठी गाळा मागितला नव्हता.

नवस फेडायला उशीर झाला किंवा विसरलो, तर देव कोपतो का?

सर्वांत जास्त भीती याचीच. आणि ही भीती ज्या कथेतून आली, ती सत्यनारायणाची कथा आपण शिऱ्याकडे लक्ष ठेवून अर्धवट ऐकतो.

साधुवाण्याला मूल नव्हतं. उल्कामुख राजाला व्रत करताना पाहून तो म्हणाला, मला संतान झालं तर मीही करीन. कलावती झाली. बायकोनं, लीलावतीनं, आठवण केली तर म्हणाला, हिच्या लग्नात करू. लग्न झालं, व्रत राहिलं. जावयाला घेऊन व्यापाराला गेला आणि चोरीचा खोटा आळ येऊन दोघंही तुरुंगात पडले. सुटले, नौका धनानं भरून निघाले, तेव्हा संन्याशाच्या रूपात देवानं विचारलं, नौकेत काय आहे? वाणी हसून म्हणाला, वेली आणि पानं. देव म्हणाला, तुझं बोलणं खरं होवो.

इथे जरा थांबा. या वेळी देवानं शाप दिला नाही. वाण्याचाच शब्द खरा केला. पहिल्यांदा दिलेला शब्द त्यानं पुढे ढकलला, दुसऱ्यांदा विसरला, आणि आता तो सहज, गंमत म्हणून खोटं बोलू लागला होता. प्रत्येक वेळी इच्छा पुरी होत गेली आणि प्रत्येक वेळी त्याच्या शब्दाचं वजन उतरत गेलं. मला ही कथा देवाच्या रागाची वाटतच नाही. मिळाल्यानंतर माणसाचं काय होतं, याची ती आहे. कलावतीसुद्धा पुढे नवरा आला म्हणून प्रसाद टाकून धावते.

तेव्हा विसरलात तर घाबरू नका, आठवलं त्या दिवशी फेडा. ‘पुढच्या वर्षी बघू’ची सवय मात्र लागू देऊ नका.

बोललेला नवस आता झेपत नाही. बदलता येतो का?

येतो. गुडघे गेल्यावर लोटांगण घालत जाणं, कर्ज काढून पाच गावांना जेवण घालणं किंवा पेढ्यांची तुला करणं यात धर्म नाही. मूळ विधी शक्य नसेल तर त्याच्या जागी दुसरा करायची सोय धर्मशास्त्रातच आहे. देवापुढे उभं राहून स्पष्ट सांगा: हे बोललो होतो, एवढं जमत नाही, त्याऐवजी हे करतो. तुलेऐवजी सव्वा किलो गूळ, गावजेवणाऐवजी पाच माणसांचं पान. पुढच्या वेळी नवस बोलताना आपला खिसा आणि आपले गुडघे आठवा, म्हणजे झालं.

दुसऱ्याच्या अंगावर नवस बोलता येतो का?

जावळ काढणं, पाळणा बांधणं, ओटी भरणं, जेजुरीला जागरण-गोंधळ घालणं यांत कुणाचं काही बिघडत नाही. पण मूल होऊ दे, पहिली मुलगी तुला वाहीन, असा नवस याच महाराष्ट्रात बोलला जायचा. मागणं आईबापांचं आणि फेड त्या मुलीच्या अख्ख्या आयुष्याची. मुरळी आणि देवदासी यांची कहाणी तिथून सुरू होते. १९३४ मध्ये मुंबई प्रांतानं आणि २००५ मध्ये महाराष्ट्रानं या प्रथेविरुद्ध कायदा केला. कायदा नसता तरी उत्तर एकच होतं. जे आपलं नाही ते देवाला वाहता येत नाही, आणि मूल आपल्या मालकीचं नसतं. बोकड-कोंबड्याबद्दलही माझं मत हेच आहे. गावात ते सगळ्यांना पटत नाही हेही मी पाहतो.

हवं ते मिळालं तरी रितं का वाटतं?

ययातीला विचारा. शुक्राचार्यांच्या शापानं अकाली म्हातारपण आलं, चार मुलांनी तारुण्य द्यायला नकार दिला, धाकट्या पूरूनं दिलं. मुलाच्या तारुण्यावर हजार वर्षं भोग घेऊन झाल्यावर तो म्हणतो, उपभोगानं इच्छा कधी शमत नाही, तुपानं आग भडकावी तशी ती वाढतच जाते. हे बोलणारा माणूस संन्यासी नव्हता, सगळं चाखलेला राजा होता, म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं. आणि त्यानं तारुण्य परत केलं, ही गोष्ट सांगताना लोक विसरतात.

मग मागावं तरी काय?

कठोपनिषदातला नचिकेता बघा. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला म्हणून त्याला तीन वर मिळाले. पहिल्या वरात त्यानं मागितलं की रागावलेले वडील शांत होऊ देत, मी परत गेलो की त्यांनी मला ओळखावं. ब्रह्मज्ञान तिसऱ्या वराला. त्यावर यमानं शंभर वर्षं जगणारे मुलगे-नातू, हत्ती, सोनं, हवं तेवढं आयुष्य, सगळं पुढे केलं. पोरगा म्हणाला, धनानं माणूस तृप्त होत नसतो. आधी घर, मग ब्रह्म, हा क्रम मला फार माणुसकीचा वाटतो.

इच्छा पुरी झालीच नाही तर? देवानं ऐकलं नाही असं समजायचं?

याचं गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. ‘देवाच्या मनात याहून चांगलं काही असेल’ हे वाक्य मूल गमावलेल्या आईसमोर बोलू नये, एवढं नक्की. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८०१ मध्ये ते देऊळ लक्ष्मण विठू यांनी बांधलं, पैसा देऊबाई पाटील यांचा. देऊबाईंना मूल नव्हतं. मला नाही झालं, पण इथे येऊन मागणाऱ्या दुसऱ्या बायकांना व्हावं, अशा इच्छेनं त्यांनी ते बांधवलं असं सांगतात. मंगळवारी पहाटेपासून तिथे जी रांग लागते, ती एका न पुरलेल्या इच्छेच्या दारात उभी असते.

‘मॅनिफेस्टेशन’ म्हणजे आपला संकल्पच ना?

दिसायला सारखं. वहीत रोज लिहायचं, मिळालंच आहे असं समजायचं, विश्व देईल. फरक असा, की संकल्पात आपण स्वतः काहीतरी करायला बांधले जातो, आणि नवसात फेड असते. इथे फेड कुठे आहे? शिवाय मिळालं नाही की ‘तुझीच श्रद्धा कमी पडली’ असा ठपका त्याच माणसावर येतो. आमच्या गावचा देव तेवढा कठोर नाही.

इतर धर्मांत असं काही आहे का?

भरपूर. वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेला सप्टेंबरात जा. मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकायला असतात. ज्याचं जे दुखतं किंवा हवं असतं, ते तो तिथे वाहतो. रांगेत हिंदूही कमी नसतात. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात तोच प्रकार. दर्ग्यात मन्नतीचा धागा बांधतात.

जैन विचार इथे जास्त कडक आहे. तप करून त्याच्या बदल्यात फळ मागणं याला ‘निदान’ म्हणतात आणि ते तीन शल्यांपैकी एक मानतात. हा काटा निघाल्याशिवाय खरा व्रती होता येत नाही. बुद्धानं दुःखाचं मूळ तृष्णेत पाहिलं, पण साधकाला पुढे नेणाऱ्या चार आधारांत (ऋद्धिपादांत) पहिला आधार ‘छंद’, म्हणजे चांगलं करण्याची ओढ, हा सांगितला. ओढच नको असं तिथेही नाही.

आईनं बोललेला नवस आम्हाला माहीत नव्हता. ती गेल्यावर कळलं. आता काय करायचं?

आधी मावशीला किंवा आत्याला विचारा, या गोष्टी बायका एकमेकींना सांगून ठेवतात. देव कुठला आणि बोललेलं काय ते कळलं तर झेपेल तसं फेडा, आईचं नाव घेऊन. काहीच कळलं नाही तर कुलदैवताला जाऊन नारळ ठेवा, देवी असेल तर ओटी भरा, आणि ‘आईचं जे राहिलं असेल ते गोड मानून घे’ एवढं म्हणा. घरातल्या आजारपणाचा किंवा पोरीचं लग्न लांबल्याचा संबंध कुणी या नवसाशी जोडून दहा-वीस हजारांची शांत सांगितली, तर नमस्कार करून उठा आणि दुसऱ्या गुरुजींना विचारा.